चांगली मालिका बंद का पडते? ‘द पेपर चेस’चा दोनदा झालेला जन्म

१९७८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘द पेपर चेस’ ही मालिका सुरू झाली. तिला आधार होता त्याच नावाच्या, १९७३ मध्ये गाजलेल्या चित्रपटाचा. त्या चित्रपटातील भूमिकेसाठी ज्या नटाला ऑस्कर मिळाले होते, तोच नट मालिकेतही तीच भूमिका करत होता. समीक्षकांनी मालिकेचे कौतुक केले. तरीही २२ भागांचा एक हंगाम संपल्यावर वाहिनीने ती बंद केली. इथपर्यंतची हकिगत अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात शेकडो वेळा घडलेली आहे. वेगळे आहे ते यानंतरचे. १९८३ मध्ये शोटाइम या दुसऱ्याच वाहिनीने ती मालिका त्याच प्राध्यापकासह आणि त्याच विद्यार्थ्यासह पुन्हा सुरू केली, आणि या वेळी ती १९८६ पर्यंत, म्हणजे कथानायकाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत, व्यवस्थित चालली.

आज मराठी प्रेक्षकही भ्रमणध्वनीवर आणि घरातल्या पडद्यावर अमेरिकी मालिका सर्रास पाहतात. एखादी मालिका मनात घर करते, पात्रांची ओळख होते, कथा ऐन वळणावर येते आणि मग कळते की पुढचा हंगाम येणारच नाही. “इतकी चांगली होती, मग बंद का केली?” हा प्रश्न त्या वेळी प्रत्येकाला पडतो. ‘द पेपर चेस’ हे त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी फार चांगले उदाहरण आहे, कारण तिच्या बाबतीत कथा, पात्रे आणि प्रमुख नट जवळजवळ तेच राहिले आणि बदलली ती फक्त वाहिनीची पैसे मिळवण्याची रीत. तेवढ्या एका बदलाने अपयशी ठरलेली मालिका यशस्वी झाली.

## कादंबरी, चित्रपट आणि मालिका

मूळ कादंबरी जॉन जे ऑस्बॉर्न यांची. ते स्वतः हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकले होते आणि त्या शिक्षणातील ताण, स्पर्धा व भीती हाच कादंबरीचा विषय होता. ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोनच वर्षांनी दिग्दर्शक जेम्स ब्रिजेस यांनी तिच्यावर चित्रपट काढला. हार्ट हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि करारकायदा शिकवणारे दरारा असलेले प्राध्यापक किंग्जफील्ड यांच्यातील संबंध हा त्याचा कणा आहे. किंग्जफील्ड व्याख्यान देत नाहीत. ते एखाद्या विद्यार्थ्याला उभे करतात, त्याला एका खटल्याविषयी प्रश्न विचारतात, उत्तर आले की त्यातून पुढचा प्रश्न काढतात आणि त्या विद्यार्थ्याचे तर्कातले दुबळे दुवे साऱ्या वर्गासमोर उघडे पाडतात.

चित्रपटाच्या आरंभी हार्टला ज्या खटल्यावर प्रश्न विचारला जातो तो खराखुरा आहे. हॉकिन्स विरुद्ध मॅकगी हा न्यू हॅम्पशर राज्यातील १९२९ चा निवाडा अमेरिकेतील कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. एका मुलाचा भाजून व्रण पडलेला हात शंभर टक्के चांगला करून देतो, असे आश्वासन एका डॉक्टरने दिले, त्याच्या छातीवरची त्वचा तळहातावर बसवली, आणि हात सुधारण्याऐवजी बिघडला व त्यावर केस उगवले. अशा वेळी भरपाई कशाची द्यायची? झालेल्या वेदनांची, की जसा हात मिळेल असे सांगितले होते आणि जसा प्रत्यक्ष मिळाला त्या दोहोंमधील फरकाची? न्यायालयाने फरकाचे माप धरले. असे प्रश्न जिथे नाट्याचा गाभा असतात ती कलाकृती प्रेक्षकाकडून लक्ष मागते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

किंग्जफील्डची भूमिका करणारे जॉन हाउसमन हे व्यवसायाने प्रामुख्याने निर्माते आणि नाट्यशिक्षक होते. १९३७ मध्ये ऑर्सन वेल्स यांच्यासह त्यांनी मर्क्युरी थिएटरची स्थापना केली होती आणि न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेतील नाट्यविभागाचे ते पहिले प्रमुख होते. अभिनेता म्हणून ऑस्कर मिळाले तेव्हा त्यांचे वय ७१ होते. त्या भूमिकेत जो अस्सलपणा दिसतो तो आयुष्यभर शिकवण्यातून आलेला आहे, असे मला मनापासून वाटते. मालिकेत हार्टची भूमिका जेम्स स्टीफन्स यांच्याकडे आली आणि कथेचा भर प्रेमप्रकरणावरून हार्टच्या अभ्यासगटाकडे वळला. चित्रपट एका वर्षात, एका परीक्षेपाशी संपतो. मालिकेला मात्र दर आठवड्याला नवा प्रश्न लागतो, आणि वर्ग, खटले व आपसातील चुरस यांतून तो सहज मिळत होता. म्हणजे चित्रपटाची कथा संपल्यावर मालिकेने सांगायचे काय, ही रूपांतरांची नेहमीची अडचण इथे नव्हती.

## मग अडचण होती कुठे? आधी पैसा कोण देतो ते पाहू

१९७८ मध्ये अमेरिकेत सीबीएस, एनबीसी आणि एबीसी अशी तीन मोठी व्यापारी जाळी होती. ‘जाळे’ म्हणजे देशभरातील शेकडो स्थानिक केंद्रांना एकाच वेळी एकच कार्यक्रम पुरवणारी संस्था. घरावर अँटेना लावला की या तिन्ही वाहिन्या फुकट दिसत. प्रेक्षक वाहिनीला एक पैसाही देत नसे. सारा पैसा जाहिरातदारांकडून येई.

या व्यवस्थेत वाहिनीचा ग्राहक असतो तो जाहिरातदार, आणि त्याला विकला जाणारा माल असतो प्रेक्षकाचा वेळ. मालिका हे तो वेळ गोळा करण्याचे साधन. त्यामुळे एखाद्या प्रेक्षकाला मालिका किती आवडली, तिने त्याला किती विचार करायला लावले, पुढच्या भागाची तो किती आतुरतेने वाट पाहतो, या कशाचीही किंमत वाहिनीच्या हिशेबात स्वतंत्रपणे धरली जात नाही. जो मालिकेसाठी सारी कामे बाजूला ठेवतो तो आणि जो संच सुरू ठेवून वर्तमानपत्र वाचतो तो, दोघांची मोजणी सारखीच. ‘द पेपर चेस’चे दुखणे या एका गोष्टीत आहे.

एनबीसीत काम केलेल्या पॉल क्लाइन यांनी त्या काळात एक सिद्धान्त मांडला होता. लोक विशिष्ट कार्यक्रम पाहायला बसत नाहीत, ते दूरचित्रवाणी पाहायला बसतात आणि मग समोर असलेल्यांपैकी ज्याला घरातल्या कोणाचाच फारसा आक्षेप नाही असा कार्यक्रम लावतात, असे त्यांचे म्हणणे होते. घरात एकच संच आणि तीनच पर्याय असलेल्या काळाचे हे वर्णन बरेचसे खरे होते. करारकायद्याच्या तासाला आक्षेप घेणारे कोणीतरी घरात असणारच, हे सांगायला सिद्धान्ताचीही गरज नाही.

## रेटिंग आणि शेअर म्हणजे काय?

प्रेक्षकांची मोजणी नील्सन ही कंपनी करत असे आणि आजही करते. तिच्या आकडेवारीत दोन संज्ञा येतात. ‘रेटिंग’ म्हणजे दूरचित्रवाणी संच असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांत तो कार्यक्रम लागला होता. ‘शेअर’ म्हणजे त्या वेळी ज्या घरांत संच प्रत्यक्ष सुरू होता, त्यांपैकी किती टक्के घरांत तो कार्यक्रम लागला होता. आपल्याकडे ज्याला टीआरपी म्हणतात तो पहिल्या प्रकाराचा भाऊबंद आहे.

१९७८-७९ च्या हंगामात अमेरिकेत संच असलेली सुमारे साडेसात कोटी घरे होती. म्हणजे रेटिंगचा एक अंक म्हणजे साडेसात लाख घरे. वाहिन्या तीनच असल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला ढोबळमानाने तिसरा हिस्सा यावा अशी अपेक्षा असे, आणि म्हणून ३० च्या आसपासचा शेअर ही तग धरण्याची रेषा मानली जाई. याचा अर्थ असा की त्या काळी एक कोटीहून अधिक लोक पाहत असलेली मालिकाही अपयशी ठरू शकत होती. आजच्या वाचकाला हे पटणे अवघड जाते. पण प्रश्न एकूण किती लोक पाहतात हा नव्हताच. त्याच तासाला तिथे दुसरे काही लावले तर याहून अधिक लोक मिळतील का, एवढेच वाहिनी पाहत असे.

## काही घरांवरून साऱ्या देशाची आवड कशी कळणार?

हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि आपल्याकडे टीआरपीविषयी आजही घेतला जातो. सत्तरच्या दशकात नील्सनचे राष्ट्रीय नमुन्यातील यंत्र सुमारे १२०० घरांत बसवलेले होते. ते यंत्र संच सुरू आहे की बंद आणि कोणती वाहिनी लागली आहे एवढेच नोंदवी. घरातले कोण पाहते आहे हे कळण्यासाठी वेगळ्या घरांतून लेखी रोजनिशा भरून घेतल्या जात. व्यक्तीनुसार नोंद करणारे यंत्र राष्ट्रीय मोजणीत आले ते १९८७ मध्ये.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण त्याला एक अट आहे: भात नीट ढवळलेला असला पाहिजे. नमुन्यातील घरे खरोखर सरमिसळ पद्धतीने निवडलेली असतील तर १२०० घरे पुरेशी असतात, आणि देशात साडेसात कोटी घरे असली काय किंवा पंधरा कोटी असली काय, त्याने अचूकतेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मात्र इतक्या नमुन्यावरून काढलेल्या एका आठवड्याच्या आकड्यात दोन-अडीच अंकांची चूक दोन्ही बाजूंना संभवते, असे संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने निघते. म्हणजे एका मालिकेला १५ आणि दुसरीला १६ मिळाले तर त्यावरून दुसरी अधिक लोकप्रिय आहे असे म्हणता येणार नाही. पण एका मालिकेला आठवड्यामागून आठवडे १५ च्या आसपास आणि समोरच्या वाहिनीवरील कार्यक्रमाला ३० च्या आसपास मिळत असतील, तर त्या फरकात मोजणीची चूक कुठेच नसते. मोजणी खोटी होती म्हणून चांगली मालिका बुडाली, असे समाधान करून घेणे म्हणूनच बरोबर नाही. मोजणी बहुतेक वेळा पुरेशी खरी असते. आपल्याला जे महत्त्वाचे वाटते ते तिच्यात मोजलेच जात नाही, ही खरी अडचण आहे.

## मंगळवार, रात्री आठ वाजता

सीबीएसने ‘द पेपर चेस’ला मंगळवारी रात्री आठचा तास दिला. त्याच तासाला एबीसीवर आधी ‘हॅपी डेज’ आणि साडेआठला ‘लाव्हर्न अँड शर्ली’ या अर्ध्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका लागत. ‘लाव्हर्न अँड शर्ली’ ही त्या हंगामात देशातील पहिल्या क्रमांकाची मालिका होती आणि तिचे सरासरी रेटिंग ३०.५, म्हणजे जवळजवळ सव्वादोन कोटी घरे, इतके होते. ‘हॅपी डेज’ तिच्या मागोमाग, २८.६ रेटिंगसह, पहिल्या चारांत होती. संध्याकाळी आठ ही अमेरिकी घरात मुले जागी असण्याची वेळ. मुलांना हसायचे असते, आणि संच एकच असला की मुलांचे चालते. त्या तासाला करारभंगाच्या भरपाईवर चर्चा करणारे सत्तरीतले प्राध्यापक उभे करणे म्हणजे त्यांना हरण्यासाठीच पाठवणे होते.

वाहिनीने असे का केले असेल? यामागे एक तर्क असतो. समोर बलाढ्य विनोदी मालिका असेल तर तिच्यासारखीच दुसरी लावून उपयोग नाही, अगदी वेगळ्या चवीचे काहीतरी लावावे म्हणजे विनोद नको असलेला प्रेक्षक तरी आपल्याकडे येईल. तर्क चुकीचा नाही. पण तो घेऊन उभे राहायचे तर मिळेल तेवढ्या प्रेक्षकावर समाधान मानण्याचीही तयारी हवी. सीबीएसची ती तयारी नव्हती, कारण वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिलेली ही वाहिनी १९७६ पासून एबीसीच्या मागे पडली होती.

हा प्रकार एकट्या ‘द पेपर चेस’चा नव्हता. चार वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, याच सीबीएसने ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटमालेवर आधारलेली मालिका आणली होती आणि चित्रपटांतील रॉडी मॅकडॉवल हे नटही तिच्यात होते. तिला शुक्रवारी रात्री आठची वेळ मिळाली आणि समोर एनबीसीवर ‘सॅनफर्ड अँड सन’ व ‘चिको अँड द मॅन’ या दोन विनोदी मालिका होत्या, ज्या त्या हंगामात देशात दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे १४ भाग तयार झाले आणि ती संपली. चित्रपटाचे नाव मोठे असले की पहिल्या आठवड्याला लोक कुतूहलाने येतात. दर आठवड्याला परत येण्यासाठी केवळ नाव पुरत नाही, आणि समोर सवयीची मालिका असेल तर नाहीच नाही.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. हाउसमन जुलियार्डमध्ये प्रमुख असताना तिथे शिकून गेलेला रॉबिन विल्यम्स हा तरुण नट त्याच सप्टेंबर १९७८ मध्ये एबीसीवर ‘मॉर्क अँड मिंडी’ या मालिकेतून देशभर पोहोचला. ती ‘हॅपी डेज’च्याच एका भागातून जन्मलेली होती आणि पहिल्याच हंगामात तिने ‘हॅपी डेज’च्या बरोबरीचे रेटिंग मिळवले. गुरू आणि शिष्य एकाच महिन्यात दोन वाहिन्यांवर उतरले, आणि रेटिंगच्या हिशेबात शिष्य फार पुढे गेला.

## चांगल्या दर्जाचा प्रेक्षक मिळत होता, त्याला किंमत नव्हती का?

कायद्याच्या मालिकेचा प्रेक्षक शिकलेला आणि बऱ्या उत्पन्नाचा असणार, तो संख्येने कमी असला तरी जाहिरातदाराला अधिक मोलाचा, असा युक्तिवाद करता येतो. तो पोकळ नाही. १९७१ मध्ये सीबीएसने स्वतःच ग्रामीण पार्श्वभूमीच्या अनेक मालिका एकदम बंद केल्या होत्या, आणि त्यांतली ‘मेबेरी आर. एफ. डी.’ तेव्हा देशातील पहिल्या पंधरांत होती. कारण असे की त्या मालिकांचा प्रेक्षक वयस्क आणि खेड्यांतला होता, आणि जाहिरातदारांना शहरी, तरुण, खर्च करणारा प्रेक्षक हवा होता. म्हणजे कोण पाहते याला तेव्हाही महत्त्व होतेच.

पण हे महत्त्व संख्येच्या बरोबरीने येते, संख्येऐवजी नाही. साबण, शीतपेये, न्याहारीची धान्ये विकणाऱ्यांना कोट्यवधी घरे हवी असतात, आणि राष्ट्रीय जाळ्यावरील जाहिरातीचा बराचसा वेळ तेच विकत घेत. थोड्या पण निवडक प्रेक्षकाला गाठायचे तर त्यांच्यासाठी नियतकालिके होती. हाउसमन यांनी रंगवलेल्या या करड्या प्राध्यापकाची छबी मात्र जाहिरातदारांना आवडली. स्मिथ बार्नी या गुंतवणूक संस्थेच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत ते पुढे अनेक वर्षे दिसले, आणि मालिका न पाहिलेले असंख्य अमेरिकी लोक त्यांना त्या जाहिरातींमुळेच ओळखत.

## थोडी वाट पाहिली असती तर?

वाट पाहिल्याने मालिका वाचते याचा सर्वांत मोठा पुरावा सीबीएसच्याच घरात होता. १९७० च्या ‘मॅश’ या चित्रपटावरून १९७२ मध्ये सुरू झालेली त्याच नावाची मालिका पहिल्या हंगामात ४६ व्या क्रमांकावर होती. सीबीएसने ती बंद करण्याऐवजी दुसऱ्या वर्षी शनिवारी, देशातील पहिल्या क्रमांकाच्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेच्या लगेच नंतर लावली. जे लोक आधीच ती वाहिनी पाहत होते ते तिथेच बसून राहिले, आणि ‘मॅश’ चौथ्या क्रमांकावर गेली. ती अकरा हंगाम चालली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी तिचा शेवटचा भाग सुमारे साडेदहा कोटी लोकांनी पाहिला.

तेव्हा ‘द पेपर चेस’लाही असा शेजार मिळायला हवा होता, हे मला रास्त वाटते. तरी दोन्हींत एक फरक आहे. ‘मॅश’ अर्ध्या तासाची आणि हसवणारी होती. शेजारच्या मालिकेचा प्रेक्षक तिथे सहज रमला. एक तासाच्या गंभीर मालिकेला तसा शेजार शोधणे अधिक कठीण होते, आणि १९७९ मध्ये पिछाडीवर असलेल्या वाहिनीजवळ असे शेजार फारसे उरलेही नव्हते.

## बावीस भागांचा तोटा

मालिका बंद झाली की वाहिनीपेक्षा अधिक नुकसान सहसा निर्मात्याचे होते, आणि ही बाजू प्रेक्षकाला क्वचित दिसते. ‘द पेपर चेस’ची निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या दूरचित्रवाणी विभागाने केली होती. अशा व्यवहारात वाहिनी निर्मात्याला प्रत्येक भागामागे प्रसारणाचे शुल्क देते, पण ते शुल्क प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असते. उरलेली तूट निर्माता सोसतो. ती भरून निघते पुनःप्रसारणातून: मालिकेचे पुरेसे भाग साठले की ते देशभरातील स्थानिक केंद्रांना स्वतंत्रपणे विकता येतात आणि ती केंद्रे आठवड्यातून पाच दिवस, रोज एक भाग दाखवतात. त्यासाठी साधारण १०० भाग लागतात, म्हणजे चार-पाच हंगाम. सत्तरच्या दशकात सरकारी नियमांमुळे वाहिन्यांना या पुनर्विक्रीत हिस्सा घेता येत नव्हता, त्यामुळे मालिका चार वर्षे टिकवण्यात त्यांचा स्वतःचा फायदाही मर्यादित होता.

२२ भाग रोज एक दाखवले तर महिन्याभरात संपतात. स्थानिक केंद्राला त्यांचा काही उपयोग नसतो. या हिशेबाने ‘द पेपर चेस’ कपाटात पडून राहायला हवी होती.

## पीबीएस, मग शोटाइम

ती तशी पडून राहिली नाही, कारण अमेरिकेत आणखी एक प्रकारची वाहिनी होती. पीबीएस ही सार्वजनिक सेवा जाहिरातींवर चालत नाही. सरकारी अनुदान, संस्थांच्या देणग्या आणि प्रेक्षकांनी स्वेच्छेने दिलेली वर्गणी यांवर तेव्हा तिची केंद्रे चालत. तिने सीबीएसचे भाग पुन्हा दाखवले. जो प्रेक्षक मंगळवारी रात्री आठला तुटपुंजा ठरला होता, तोच इथे निष्ठावंत आणि पुरेसा ठरला.

दरम्यान केबलचा प्रसार होत होता आणि १९८३ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ४० टक्के घरांत ती पोहोचली होती. १९७६ मध्ये सुरू झालेली शोटाइम ही केबलवरील सशुल्क वाहिनी होती, म्हणजे तिच्यावर जाहिराती नव्हत्या आणि ती पाहण्यासाठी प्रेक्षक दरमहा वेगळे पैसे मोजत असे. अशा वाहिनीचा हिशेब समूळ वेगळा असतो. मंगळवारी रात्री किती लोक पाहत होते, याने तिच्या उत्पन्नात काही फरक पडत नाही. महिनाअखेरीस प्रेक्षक वर्गणी चालू ठेवतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. दहा कार्यक्रम जेमतेम आवडणाऱ्या माणसापेक्षा एका कार्यक्रमावर जीव असलेला माणूस वर्गणी चालू ठेवण्याची शक्यता अधिक. त्या जीव असण्याला जाहिरातीच्या वाहिनीवर किंमत नव्हती, इथे तीच विकत घेतली जात होती.

शोटाइमने नव्या हंगामांना ‘दुसरे वर्ष’, ‘तिसरे वर्ष’ आणि ‘पदवीचे वर्ष’ अशी नावे दिली. हाउसमन आणि स्टीफन्स दोघेही परतले. सीबीएसचे २२ धरून एकूण ५९ भाग झाले आणि हार्ट पदवीधर होऊन बाहेर पडला. शंभराचा आकडा गाठला गेला नाही, तरी कथा पूर्ण झाली, आणि एका विद्यार्थ्याचे शिक्षण हाच जिचा विषय आहे त्या मालिकेसाठी पूर्ण होणे हीच मोठी गोष्ट होती.

## हे सारे जुने झाले, आता काय बदलले?

वाहिन्यांची संख्या वाढली, पण जाहिरातीच्या वाहिनीचा हिशेब फारसा बदलला नाही. २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटावरून फॉक्स वाहिनीने २१ सप्टेंबर २०१५ रोजी त्याच नावाची मालिका आणली. खून घडण्याआधीच तो ‘पाहू’ शकणाऱ्या तिघांची चित्रपटातील गोष्ट ती अकरा वर्षे पुढे, २०६५ मध्ये नेत होती. पहिला भाग सुमारे ३१ लाख लोकांनी पाहिला आणि जाहिरातदारांना हव्या असलेल्या १८ ते ४९ या वयोगटात तिचे रेटिंग १.१ होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच फॉक्सने १३ भागांची मागणी १० वर आणली आणि ३० नोव्हेंबरला मालिका संपली. १९७८ मध्ये निर्णय व्हायला एक हंगाम लागला होता. २०१५ मध्ये तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले.

इंटरनेटवरून मालिका दाखवणाऱ्या सेवा सुरुवातीला शोटाइमच्या वाटेने गेल्या: वर्गणी घ्यायची आणि जाहिरात दाखवायची नाही. तरी त्यांच्याही मालिका मध्येच बंद होतात, आणि वर्गणीची रीत चांगली असेल तर असे का, हा आक्षेप रास्त आहे. याचे कारण वर्गणीदाराच्या मनोवृत्तीत आहे. नव्या वर्गणीदाराला सहसा नवी मालिका ओढून आणते. तिसऱ्या-चौथ्या हंगामापर्यंत नटांचे मानधन आणि निर्मितीखर्च वाढलेला असतो, पण त्या हंगामासाठी नव्याने येणारे लोक थोडे असतात, कारण आधीचे भाग न पाहता चौथ्या हंगामापासून कोणी सुरुवात करत नाही. शोटाइमच्या काळात अशी सेवा घेणाऱ्याला पर्याय मोजके होते. आता ते इतके आहेत की एक महिना एक सेवा घ्यावी, ती बंद करून दुसरी घ्यावी, असे करणे सोपे झाले आहे, आणि जीव असलेला प्रेक्षकही मालिका संपली की निघून जातो.

त्यातच जाहिरात परत आली आहे. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत जाहिराती असलेली स्वस्त वर्गणी सुरू केली, आणि प्राइम व्हिडिओवर २०२५ पासून भारतातही जाहिराती दिसू लागल्या. ज्यांना त्या नको असतील त्यांनी अधिक पैसे भरायचे आहेत. म्हणजे एकाच मालिकेचे काही प्रेक्षक आता ग्राहक आहेत आणि काही जाहिरातदाराला विकला जाणारा माल, आणि तिच्या पुढच्या हंगामाचा निर्णय या दोन्ही हिशेबांची बेरीज करून होणार आहे. स्वस्त वर्गणी घेणाऱ्यांची संख्या जसजशी वाढेल तसतसे मंगळवारी रात्री आठचे जुने प्रश्न, म्हणजे किती लोक, कोणत्या वयाचे आणि समोर दुसरे काय लावता आले असते, या सेवांच्या कचेऱ्यांतही अधिक आग्रहाने विचारले जातील. लक्ष मागणाऱ्या, सावकाश रुजणाऱ्या मालिकांना त्याची झळ आधी बसेल.